भाऊ बघेल की तिचं!

घरात वाटपाचा विषय निघाला आणि मुलगी दिव्यांग असली, की गोव्यातल्या लाटंबार्सेपासून पलीकडे महाराष्ट्रातल्या दोडामार्गापर्यंत एकच वाक्य कानावर येतं : "तिला वाटा कशाला? भाऊ बघेल की तिचं!" म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा खोट नसते. भाऊ बहिणीला खरोखर सांभाळतही असतो. पण सांभाळणं ही भावाची माया. वाटा हा तिचा हक्क. मायेमुळे हक्क संपत नाही, हे किती वेळा सांगायचं?

गोव्यात तर हा गैरसमज टिकायलाच नको. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून इथे मुलगा आणि मुलगी समान वारस आहेत, आणि २०१२ च्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्याने तेच तत्त्व कायम ठेवलं. मुलं असताना आईवडिलांना मृत्युपत्राने निम्म्याच मालमत्तेची मनाप्रमाणे व्यवस्था लावता येते; उरलेली निम्मी मुलांसाठी राखीव असते. एखाद्या मुलाला वगळायचं तर कायद्याने कारणं ठरवून दिलेली आहेत. अपंगत्व हे त्यातलं कारण नाही.

दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ याच्या पुढे जातो. कलम १३ नुसार मालमत्ता बाळगणं, वारसा घेणं, आपले पैसे आपण हाताळणं, बँकेचं कर्ज मिळवणं हे सगळे हक्क दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकेच आहेत. मदत करणाऱ्याचं हित आणि तिचं हित एकमेकांच्या आड येत असेल, तर त्या व्यवहारातून मदतनीसाने बाजूला व्हायचं. केवळ नातेवाईक आहे म्हणून त्याच्यावर संशय घेऊ नये, असंही तेच कलम सांगतं. पण बहीण हक्क सोडणार आणि वाटा भावाला जाणार, अशा कागदावर भावानेच तिच्या वतीने बोलायचं, यात हितसंबंध आडवा येत नाही असं कोण म्हणेल?

प्रत्यक्षात काय होतं? कागद पुढे येतो. कुणीतरी तिचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबतं आणि "हं, इथे" म्हणतं. ती अंध असेल तर कागद वाचून दाखवलेला नसतो. बहिरी असेल तर खुणांनी समजावलेला नसतो. याला संमती म्हणत नाहीत! उद्या भाऊ आजारी पडला, घरात चुली वेगळ्या झाल्या, तर तिच्या हातात काय उरतं? २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या दिव्यांग पुरुषांत शंभरातले ६२ साक्षर होते, स्त्रियांत ४५. काम करणारे पुरुष शंभरात ४७, स्त्रिया २३. शिक्षण नाही, कमाई नाही, अशा बाईकडे वडिलोपार्जित वाटा हाच काय तो आधार असतो, आणि तोच आपण मायेच्या नावाखाली काढून घेतो.

तिच्या वतीने दुसऱ्यांनी ठरवण्याची ही सवय शरीरापर्यंतही पोचते. "पाळी तिला सांभाळता येत नाही, पिशवी काढलेली बरी," असं आजही सहज बोललं जातं. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात नेमक्या याच कारणासाठी गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. विरोधाचा आवाज उठला तेव्हाच त्या थांबल्या. गर्भाशय काढल्याने पाळी थांबते, लैंगिक अत्याचार थांबत नाही. उलट गर्भ राहत नसल्याने तो उघडकीला येणं अवघड होतं. २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचा गर्भ तिच्या इच्छेविरुद्ध पाडायला नकार दिला. आज दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम १० प्रमाणे वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार दिव्यांग व्यक्तीच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही.

आणखी काही गैरसमज :

"आंधळ्या बाईची साक्ष कोर्टात टिकत नाही." टिकते. २०२१ च्या पाटन जमाल वली खटल्यात जन्मांध तरुणीने आरोपीला आवाजावरून ओळखलं आणि सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराची शिक्षा कायम ठेवली.

"पोलिस ठाण्यात जाता येत नाही, तर तक्रार कशी करणार?" लैंगिक अत्याचाराची तक्रार पोलिसांनी दिव्यांग स्त्रीच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने नोंदवायची असते.

"सून दोडामार्गची, तिचा दाखला गोव्यात चालत नाही." दिव्यांगत्वाचा दाखला देशभर ग्राह्य आहे. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेला मात्र गोव्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. ती अट वेगळी, दाखला वेगळा.

"सरकारी योजनांत बायकांसाठी वेगळं काही नाही." आहे. गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांत दिव्यांगांसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य आहे. ग्रामसभेत हे विचारलं पाहिजे, आणि विचारायला तिलाच नेलं पाहिजे.

पणजीत २०२३ मध्ये दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट भरला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण डिचोली तालुक्यातल्या एखाद्या बहिणीचं आयुष्य बदलेल ते तिच्या घरातल्या कागदाने. वाटप करण्याआधी ज्याला लाभ होणार नाही अशा माणसाने तिला तो कागद समजेल अशा रीतीने सांगावा, आणि ती "नाही" म्हणाली तर तिथेच थांबावं. ज्या भावाला बहिणीला सांभाळायचंच आहे, त्याचं तिच्या नावावर जमीन असल्याने काहीही अडत नाही.