रोमँटिसिझमचं मराठीत भांडण कुणाशी होतं?

युरोपात रोमँटिसिझम उभा राहिला तो कोरडा बुद्धिवाद आणि यंत्रयुग यांच्याविरुद्ध. केशवसुतांनी (१८६६–१९०५) इंग्रजी रोमँटिक कवींकडून आत्मनिष्ठा आणि निसर्गप्रेम घेतलं. आता गंमत बघा. मुंबईत १८५६ पासून कापडगिरणी चालू होती, तरी १८९३ च्या ‘तुतारी’चा रोख जुन्या रूढींवर आहे, गिरणीवर नाही. यंत्रयुगात पिचलेला माणूस मराठी कवितेत ठळकपणे दिसतो तो मर्ढेकरांच्या ‘काही कविता’मध्ये, म्हणजे थेट १९४७ साली. तोवर युरोपात आधुनिकतावादही रुजला होता. म्हणून प्रबंधात ‘अमुक वादाचा प्रभाव’ एवढंच लिहून भागत नाही. वाद बाहेरून आला असेल, पण इथे त्याचं भांडण कुणाशी होतं, हे आधी शोधा. संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडतो.