घरचा टीव्ही, आपल्या वेळेला – भाग ९ : साडेपाच तासांचं भूत

या वेळी हार्डडिस्कबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. डिस्क आठवडाभर थांबेल. रत्नागिरीच्या एका वाचकांच्या आईंचं कीर्तन थांबणार नाही, म्हणून आज ते.

या गृहस्थांनी सगळं नीट मांडलंय. कपाटावर रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक, त्यात रेकॉर्डिंग करणारं टीव्हीहेडएंड, टीव्हीच्या खोक्यात चॅनेल दाखवणारं कोडी, चॅनेलची एमथ्रीयू यादी आणि कार्यक्रमपत्रिकेची एक्सएमएलटीव्ही फाइल. चॅनेल दिसतात, चित्र स्वच्छ येतं. पण संध्याकाळी साडेसातचं कीर्तन रेकॉर्डिंगला लावलं की सकाळी फाइलीत कीर्तनकारांच्या जागी कढया विकणारा माणूस निघतो. रोज तोच माणूस आणि त्याच कढया. ‘पाय बदलून घेऊ का?’ असं त्यांनी विचारलंय.

अजिबात घेऊ नका. असले कढईवाले मध्यरात्र उलटल्यावरच येतात, त्यामुळे पत्र अर्धं वाचूनच मी बोटांवर हिशेब केला. साडेसातात साडेपाच मिळवा. रात्रीचा एक वाजतो.

कार्यक्रमपत्रिकेची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून पाहा. प्रत्येक कार्यक्रमापुढे चौदा आकडी सलग संख्या दिसेल : आधी वर्ष, मग महिना, तारीख, तास, मिनिटं, सेकंद. त्यानंतर एक जागा सोडून +०५३० असायला हवं. ही वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे शेपूट नसेल, तर वेळ ग्रिनिचची धरायची असा एक्सएमएलटीव्हीचा नियम आहे. फाइल बनवणाऱ्याने शेपूट गाळलं, म्हणून टीव्हीहेडएंडने इमानेइतबारे ग्रिनिचचे साडेसात वाजायची वाट पाहिली. तेव्हा आपल्याकडे रात्रीचा एक झालेला असतो. प्रत्येक वेळेपुढे +०५३० घालून फाइल पुन्हा वाचायला लावली की काम झालं.

याच भुताचा एक जुळा भाऊ आहे आणि लोक दोघांत हमखास गल्लत करतात. रास्पबेरी पाय हे इंग्लंडचं अपत्य. नवीन कार्डावर त्याची प्रणाली घातली आणि सेटिंगकडे पाहिलंच नाही, तर त्याचं घड्याळ लंडनचं राहतं. मग टीव्हीहेडएंडच्या रेकॉर्डिंगच्या नोंदीत साडेसातचं कीर्तन दुपारी दोनला झालेलं दिसतं (उन्हाळ्यात तीनला, कारण तिकडे घड्याळं तासभर पुढे सरकवतात). माणूस घाबरून पत्रिकेची फाइल दुरुस्त करायला घेतो आणि चांगल्या फाइलीचं वाटोळं करतो. खरं तर इथे फक्त आकडा चुकीचा दिसतो, रेकॉर्डिंग बरोबर क्षणीच होतं. म्हणून आधी रेकॉर्ड झालेली फाइल चालवून पाहा. आत कीर्तन असेल आणि नोंद तेवढी विचित्र असेल, तर पायचा वेळप्रदेश बदला. आत कढई असेल तर पत्रिका बदला.

वेळप्रदेशांच्या यादीत मुंबई शोधू नका, नाही सापडणार. तिथे आशिया आणि त्यापुढे कोलकाता एवढंच आहे. दादरच्या एका स्नेह्यांनी यावर माझ्याशी चांगली दहा मिनिटं हुज्जत घातली. त्यांना म्हटलं, मुंबईने आपला हट्ट आधीच करून घेतलाय. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी तिच्याहून ३९ मिनिटं मागे चालणारा ‘मुंबई टाइम’ या शहरात १९५५पर्यंत वापरात होता. तो अजून असता, तर आपल्या शेपटावर +०४५१ लिहावं लागलं असतं, आणि या लेखमालेचे भाग दुप्पट झाले असते.

आता माझी स्वतःची फजिती. माझ्याकडच्या जुन्या पायमध्ये सेलवर चालणारं घड्याळच नाही. बंद असताना त्याच्यासाठी काळ थांबलेला असतो. चालू असताना तो अधूनमधून वेळ एका फाइलीत लिहून ठेवतो, लाइट गेली की परत आल्यावर त्याच नोंदीपासून मोजायला लागतो, आणि इंटरनेट मिळालं की एनटीपीने वेळ विचारून चूक सुधारतो. एनटीपी ही डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास उभी केलेली सोय. तिच्यामुळे आपण घड्याळ लावणं विसरूनच गेलोय.

मीही विसरलो होतो. एका वर्षी राउटर बदलून मिळाला, आणि त्या नव्या राउटरने एनटीपीचा १२३ क्रमांकाचा दरवाजा गुपचूप बंद ठेवला. टीव्ही चालू, मोबाइल चालू, शंका यायचं कारणच नाही. पण आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. पहिल्या गुरुवारी पाय तीन तास मागे पडला, दुसऱ्या गुरुवारी आणखी दोन. मधल्या किरकोळ खेपा वेगळ्याच. तिसऱ्या आठवड्यात बायकोने विचारलं, ‘सकाळच्या योगासनांच्या जागी दुपारचा कृषी कार्यक्रम का दिसतोय?’ मी आधी पत्रिका तपासली, मग चॅनेलवाल्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. पायला वेळ विचारायचं सुचलं ते सगळ्यात शेवटी.

राउटरमधला दरवाजा उघडला, शिवाय डीएस३२३१ नावाची छोटी घड्याळपट्टी पायवर बसवली. तिला नाण्यासारखा सेल लागतो आणि ती वर्षाकाठी फार तर मिनिटभर चुकते. पाय ५ घेतला असेल तर घड्याळ आतच आहे, सेल मात्र वेगळा आणून जोडावा लागतो. तो न जोडताच ‘आमच्याकडे घड्याळवाला पाय आहे’ असं सांगणारे मला भेटलेत.

घड्याळ सेकंदाला सेकंद जुळलं तरी कीर्तनाचा शेवट कापला जाईल, हेही सांगून ठेवतो. इंटरनेटवरचं प्रक्षेपण बहुधा एचएलएस पद्धतीने येतं. ॲपलने ही पद्धत २००९ मध्ये आणली. तीत चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, आणि बघणाऱ्याने ताज्या टोकापासून निदान तीन तुकडे मागे राहावं असा संकेत आहे. तुकडा दहा सेकंदांचा असेल तर इथेच अर्धं मिनिट गेलं. शेजारच्या घरातली ‘आउट’ची आरोळी आपल्याकडे गोलंदाज धावायला लागण्याआधीच ऐकू येते, ती याच पायी. त्यात बुवा रंगले की कोणत्या चॅनेलची घड्याळाकडे बघायची हिंमत होते? टीव्हीहेडएंडच्या रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये आधी आणि नंतर किती मिनिटं जास्त घ्यायची ते लिहिता येतं. मी आधी दोन आणि नंतर दहा ठेवतो. कीर्तनाला पंधरा.

हे सगळं मी रत्नागिरीला आधीच फोनवर सांगितलं होतं. परवा त्यांचा निरोप आला. कीर्तन मिळालं, शेवटच्या आरतीसकट मिळालं. आईंनी फक्त एवढं विचारलंय, की ती बिडाची कढई केवढ्याला होती, आणि जुनी फाइल पुसली तर नाही ना?