मी का लिहितो?

परवा तास संपल्यावर एक विद्यार्थी माझ्या मागोमाग आला आणि दाराशीच उभा राहून त्याने विचारले, "सर, तुम्ही लिहिता ते कशासाठी? पैसे बरे मिळतात का?"

मराठीच्या प्राध्यापकाला हा प्रश्न अवघड जाऊ नये. अकराव्या शतकातल्या काश्मिरी मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगून ठेवली आहेत: कीर्ती, द्रव्य, व्यवहारज्ञान, अशुभाचे निवारण, तत्काळ आनंद आणि कांतेने करावा तसा गोड उपदेश. वर्गात ती मी दरवर्षी शिकवतो. स्वतःला लावून पाहिली, की मात्र पंचाईत होते. कीर्तीचे म्हणाल, तर दिवाळी अंक हाती येताच मी आधी अनुक्रमणिकेत माझेच नाव शोधतो, हे कबूल केले पाहिजे. द्रव्याचे म्हणाल, तर मानधनात फराळाचे तूप निघाले तरी पुष्कळ! आणि कांतेचा उपदेश आमच्या घरी मी करीत नाही, ऐकतो.

तथापि ही सारी कारणे मागाहून आलेली. पहिले कारण निराळे आहे, आणि ते सास्तूरला आहे.

सास्तूर हे माझे गाव. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातले. १९९३ साली मी बारा वर्षांचा होतो. आमचे घर त्या भागातल्या जुन्या घरांसारखेच: चिखलात रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. गावात पिठाची गिरणी केव्हाच आली होती, पण डाळ भरडायला आज्जी जातेच लागे. ती जात्यावर बसली, की ओव्या सुरू होत. माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या आणि लहानपणीच गेलेल्या एका लेकीच्याही. तिला अक्षरओळख नव्हती. एकदा माझी वही पाहून ती म्हणाली, "लेकरा, हे समदं लिहून ठिव की. माझ्या मागं कोण म्हणणार हाय?"

मी म्हणालो, "दसऱ्याच्या सुट्टीत लिहितो, आज्जे."

दसरा यायचा होता. गणपतीचे विसर्जन करून गाव दमून झोपले होते. मी अंगणातच आडवा झालो. आज्जी आत होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, जमीन हलली. किल्लारीचा भूकंप म्हणून जग तो ओळखते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत त्याने हजारो माणसे नेली. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या ऊब दिली, त्याच झोपलेल्यांच्या अंगावर आल्या.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहताना कोणीतरी वाटलेली एक कोरी वही माझ्या वाट्याला आली. आज्जीच्या ओव्या आठवायला बसलो. शेकड्यांनी ऐकलेल्या, आठवल्या चार. त्यांतलीही एक अर्धीच. मग खाली मी आज्जीचे नाव लिहिले आणि ती तपकीर कोठे ठेवी, कोणाला काय हाक मारी, एवढेच लिहीत गेलो. शेजारच्या काकू पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं बी नाव घाल रे. त्यांना हुरडा लई आवडायचा, ते बी लिही." तो माझा पहिला वाचकवर्ग. त्यांना वाचता येत नव्हते.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहून काढली. तेव्हा त्यांच्यापुढे मम्मट नसावा; गेलेली आई होती. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते; परंतु त्यांच्या तोंडची गाणी घरच्या माणसांनी वेळेवर उतरवून ठेवली, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी मराठीला त्यांचे पुस्तक मिळाले. हे शिकवताना माझा आवाज दरवेळी थोडा अडखळतो. विद्यार्थ्यांना वाटते, सर काव्याने गहिवरले. खरे म्हणजे मला ते 'वेळेवर' बोचत असते. माझ्या आज्जीलाही नातू होता, वही होती, पेन्सिल होती. सुट्टी तेवढी लागायची होती.

म्हणून मी लिहितो. हरवलेले त्याने परत येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण 'उद्या लिहू' असे मी पुन्हा कोणाला म्हटलेले नाही.

त्या विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले आणि म्हणालो, "या दिवाळीत घरी गेलास, की आज्जीजवळ वही घेऊन बस."

तो थोडा घुटमळला. "सर, आमच्या आज्जीला ओव्या नाही येत. ती नुसत्या शिव्या देते."

"मग त्या लिही," मी म्हणालो. "आणि पहिल्याच दिवशी लिही!"