जुना लॅपटॉप, दुसरी डिस्क आणि घरची अमानत

बारावीच्या निकालानंतर पालक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. घरात आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप आहे, सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेतो, मुलीच्या कॉलेजसाठी आता नवा घ्यावा का? आम्ही उलट विचारतो, लॅपटॉपच्या कडेला डीव्हीडी घालायचा कप्पा आहे का? असेल, तर त्या कप्प्याचा उपयोग करून लॅपटॉपमध्ये दोन डिस्क बसवता येतात. मग तोच लॅपटॉप अभ्यासाला, फॉर्म भरायला आणि घरच्या कामाला पुन्हा उपयोगी पडतो.

असा लॅपटॉप मंद होण्याचे कारण बहुधा त्याची हार्ड डिस्क असते. तिच्या आत एक तबकडी फिरते, साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे. तिच्यावरून एक बारीक दांडा पुढे-मागे सरकत माहिती शोधतो. विंडोज सुरू होताना हजारो लहान-लहान फायली लागतात आणि प्रत्येक फाईलसाठी दांडा नव्या जागी जातो. वाचनालयातल्या शिपायाने एकेका पुस्तकासाठी शिडी चढावी आणि उतरावी, तसा हा प्रकार. एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसते. जी जागा शोधायला हार्ड डिस्कला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, ती एसएसडीला एका मिलिसेकंदाच्याही लहानशा भागात सापडते. म्हणून डिस्क बदलताच लॅपटॉप नव्यासारखा वाटतो.

दुकानात गेलात की सल्ला मिळतो, जुनी काढा, नवी लावा. शिवाय, जुनी आम्हाला द्या, थोडे पैसे कमी करतो. आमचे मत स्पष्ट आहे : जुनी डिस्क देऊ नये. तिच्यात काय काय असते ते आठवून पाहा. निकाहाचे आणि वलीम्याचे फोटो, घरातल्या बायका-मुलींची छायाचित्रे, अम्मी-अब्बांचे हजचे कागद, सातबारा, आधार आणि बँकेच्या पासबुकाचे स्कॅन, इंतकाल झालेल्या दादाजानचा कुठेतरी रेकॉर्ड केलेला आवाज. डिस्क ‘फॉरमॅट करून देतो’ या शब्दावर विसंबून राहू नका. झटपट फॉरमॅटमध्ये हार्ड डिस्कवरची फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. पाने तशीच राहतात आणि ती परत वाचणारे प्रोग्राम फुकट मिळतात. ज्या घरात परद्याची काळजी घेतली जाते, त्या घराचा अल्बम काउंटरवर सोडून येणे बरे नव्हे. ही अमानत आहे. ती घरातच, त्याच लॅपटॉपमध्ये राहू शकते.

त्यासाठी लागते ती कॅडी. डीव्हीडी ड्राइव्हच्या आकाराची ही एक पोकळ चौकट असते आणि तिच्यात अडीच इंची डिस्क बसते. किंमत काहीशे रुपये. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत आणि ऑनलाइनही मिळते. घेताना एकच गोष्ट नीट पाहायची : जाडी. डीव्हीडी ड्राइव्ह मुख्यतः दोन जाडीचे असतात, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर. एकाची कॅडी दुसऱ्याच्या जागी बसत नाही. म्हणून आधी ड्राइव्ह बाहेर काढून पट्टीने मोजावा किंवा तो आणि जुनी डिस्क दोन्ही दुकानात नेऊन कॅडी तिथेच लावून पाहावी. २००८च्या आसपासचे किंवा त्याआधीचे यंत्र असेल, तर ड्राइव्हची जोडणी साटा पद्धतीची आहे ना, तेही विचारून घ्यावे. त्या काळातल्या काही यंत्रांत ती जुन्या पद्धतीची असे.

आता बरेच जण नवी एसएसडी कॅडीत टाकतात, कारण ते सोपे पडते. आम्हाला उलटे पटते. एसएसडी हार्ड डिस्कच्या मूळ जागी बसवावी आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत जावी. अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जोडणीचा वेग मूळ जागेपेक्षा कमी असतो, आणि काही यंत्रे त्या कप्प्यातून सुरूच होत नाहीत. विंडोज वेगवान जागी राहावे; फोटो आणि कागदपत्रांना थोडा कमी वेग चालतो.

काम सुरू करण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम ती रंगाने दाखवतो. पिवळा किंवा लाल रंग आला, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर बाकी सगळे थांबवून महत्त्वाच्या फायली आधी दुसरीकडे उतरवा. अशा डिस्कला कॅडीत बसवून सांभाळत बसण्यात अर्थ नाही.

मग निवड येते : जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करायची की विंडोज नव्याने टाकायचे. जुन्या डिस्कवर ६०० जीबी भरलेले आणि नवी २५६ जीबीची, तर नक्कल मावणारच नाही. जागा पुरत असेल, तर यूएसबी-साटा केबलने एसएसडी बाहेरून जोडून नक्कल करता येते. ज्या घरात उर्दूचे काम चालते, तिथे आम्ही नक्कलच सुचवतो. इनपेज, नस्तालिक फॉन्ट, उर्दू कीबोर्ड, सगळे जसेच्या तसे येते. इनपेजच्या जुन्या आवृत्तीच्या फायली दुसऱ्या प्रोग्राममध्ये सरळ उघडत नाहीत, हे मदरशांचे आणि मशिदींचे कागद तयार करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. विंडोज नव्याने टाकलेत, तरी त्याचे पैसे पुन्हा द्यायची गरज नसते. विंडोज १०चा परवाना लॅपटॉपच्या मदरबोर्डाशी जोडलेला असतो, डिस्कशी नाही.

प्रत्यक्ष जोडणी अर्ध्या तासाची. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, निघत असेल तर बॅटरी बाहेर, मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरायचे. स्वतःच्या हाताने एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. डीव्हीडी ड्राइव्ह बहुधा खालच्या एका स्क्रूवर असतो. तो काढला की ड्राइव्ह बाजूला सरकतो. त्याची पुढची प्लास्टिकची पट्टी हलकेच सोडवून कॅडीला लावली, तर बाहेरून फरकही कळत नाही. स्क्रू कागदावर आकृती काढून त्या-त्या जागी ठेवा. लांबीला ते सारखे नसतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरचे आवरण फुटते.

आता मुलांना आधीच सांगून ठेवायची गोष्ट. ‘डिस्क फॉरमॅट करायची आहे का?’ अशी पाटी स्क्रीनवर आली, तर जुन्या डिस्कसाठी कधीही ‘हो’ दाबायचे नाही. रिकामी नवी डिस्क दिसत नसेल, तर ती डिस्क मॅनेजमेंटमधून तयार करावी लागते. भरलेल्या डिस्कला त्याची गरज नसते. दोन्हीवर विंडोज असेल, तर बायोसमध्ये एसएसडीला पहिला क्रमांक द्या. जुन्या डिस्कवरचे विंडोज लगेच पुसू नका, दोन-तीन आठवडे सगळे नीट चालू द्या.

दोन डिस्क झाल्या म्हणजे दोन प्रती झाल्या, असे मात्र नाही. लॅपटॉप पडला, चोरीला गेला, त्यावर चहा सांडला, तर दोन्ही एकदमच जातात. फोटो आणि कागदपत्रांची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, शक्य असल्यास भावाच्या किंवा बहिणीच्या घरी असावी. एसएसडीवरून चुकून पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा तर फारच कमी, कारण पुसलेल्या जागा ती स्वतःच रिकाम्या करत राहते. शिवाय जुनी हार्ड डिस्क अजूनही फिरतेच आहे. लॅपटॉप चालू ठेवून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊ नका.

विंडोज १०ची सुरक्षा मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि बरीच जुनी यंत्रे विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. डिस्कने हा प्रश्न सुटत नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंट फुकट बसवता येते. त्यात उर्दू आणि मराठी दोन्ही टंकता येतात, पण इनपेज त्यासाठी बनलेले नाही. बँकेचे व्यवहार त्या जुन्या विंडोजवर करू नयेत, हे आमचे ठाम मत.

ज्या लॅपटॉपला डीव्हीडीचा कप्पा नाही, त्यात एम.२ची लहान जागा रिकामी आहे का ते पाहावे. तिथे साटा चालते की एनव्हीएमई, हे मॉडेल क्रमांकावरून शोधल्याशिवाय खरेदी करू नका. दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच असतात.

आणि हो, ड्राइव्ह काढण्याआधी कपाटातल्या डीव्हीडी बाहेर काढा. २०१०च्या आसपासची बहुतेक लग्ने त्याच चकत्यांवर आहेत, आणि त्या वर्षांनुवर्षे टिकतीलच असे नाही. एकेक घालून सगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. काढलेला ड्राइव्हही भंगारात देऊ नका. त्याच्यासाठी यूएसबीची केस मिळते, तीही १२.७ आणि ९.५ अशा दोन जाडीत. शेजारी कुणाला आपल्या निकाहाची चकती पाहायची असली, की तो उपयोगी पडतो.