फितीवर उरलेले आवाज

1947 सालची दिवाळी 12 नोव्हेंबरला आली होती. त्या दिवशी गांधीजी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रावर गेले. फाळणीत घरदार गमावलेली माणसे कुरुक्षेत्राच्या छावणीत होती. त्यांना जाऊन भेटणे जमले नाही, म्हणून गांधीजी ध्वनिक्षेपकापुढे बसले. केंद्रावरची त्यांची ती एकुलती एक खेप. ते भाषण जपले गेले, आजही ऐकावयास मिळते. थोरांच्या आवाजाला जपणारे हात मिळतातच. आकाशवाणीने 1954 साली ध्वनिमुद्रणे राखण्याचा विभाग काढला, तोही मुळात राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्या भाषणांसाठी!

पण वाचकहो, आमच्या मीनावहिनींचे काय? मुंबई केंद्राच्या ‘प्रपंचा’त पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी संसारातल्या कुरबुरी बोलू लागले की घरोघरी हातातली कामे थांबत. नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी ही मंडळी श्रोत्यांच्या नात्यातलीच होऊन बसली होती. ‘वनिता मंडळ’, ‘कामगारांसाठी’, मुलांची ‘गंमत जंमत’ यांचेही तसेच. त्या काळी पुष्कळसे कार्यक्रम थेट व्हावयाचे. बोलले की हवेत विरले. ध्वनिफीत आली, पण ती महाग. तेव्हा पुसा आणि पुन्हा वापरा! काटकसर म्हणून ते योग्यच होते. मात्र त्या काटकसरीत गेली ती भाषणे नव्हेत, गेल्या त्या गप्पा. लोक कसे हसत, भांडत, भाजीच्या भावावरून कसे कुरकुरत, हे सरकारी दप्तरात सापडत नाही.

जे उरले त्याचीही गंमत पाहा. पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला सुरू झाले. मध्ये अधिक महिना आला आणि पुढल्या रामनवमीपर्यंत गाणी झाली 56. आज घरोघरी ते ऐकू येते सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजात, कारण तबकड्या तशा निघाल्या. प्रथम प्रक्षेपणात मात्र माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे कितीतरी गळे होते. दर आठवड्याला नवे गीत, नवी चाल आणि ग. दि. माडगूळकरांचा कागद हातात पडेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला! ती घालमेल तबकडीवर उतरत नाही.

हिंदी गाण्यांची तऱ्हा तर याहून न्यारी. 1952 मध्ये आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली आणि श्रोत्यांनी काटा सिलोनकडे फिरवला. अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ मुंबईत मुद्रित होई आणि फीत विमानाने कोलंबोला जाई. मुंबईचा आवाज समुद्र ओलांडून मुंबईलाच परत! अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी ‘विविध भारती’ काढावी लागली. सायानी 2024 साली गेले. आपल्या जुन्या कार्यक्रमांच्या आठवणी त्यांनी पुढे ध्वनिमुद्रिकांतून पुन्हा मांडल्या होत्या, हे आपले भाग्य.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर एखादे फितीचे जुने चाक सापडले, तर रद्दीवाल्याला देऊ नका आणि उत्साहाने यंत्रावरही चढवू नका. बुरशी धरलेली फीत एका फेरीत कायमची जाते. कोरड्या डब्यात उभी ठेवा, डब्यावरचा मजकूर उतरवून घ्या आणि फीत जाणत्याच्या हाती द्या. कोण जाणे, आजोबांनी नातवाचे बोबडे बोल टिपताना मागे रेडिओ चालू राहिला असेल.