ॲक्सेस नसलेल्या संगणकावर दूधनोंदणीचा डेटाबेस

दूध उत्पादक संस्थांचे हिशेब आता पुष्कळ ठिकाणी संगणकावर ठेवले जातात. सभासदाचा क्रमांक, सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, दर व उचल यांची नोंद करणारा डेटाबेस एखादा हौशी सचिव मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसमध्ये स्वतःच तयार करतो. शेजारच्या गावचे सचिव तो पाहतात व आपल्या संस्थेसाठी मागून नेतात. परंतु तेथे फाइल उघडतच नाही, कारण त्या संगणकावर ॲक्सेस बसविलेले नसते. दहा दिवसांचे बिल तोंडावर आलेले असता सभासदांना पुन्हा वहीवर अवलंबून राहावे लागते.

अशा वेळी प्रत्येक संस्थेने ॲक्सेस विकत घेण्याचे कारण नाही. मायक्रोसॉफ्ट 'ॲक्सेस रनटाइम' नावाची प्रणाली विनामूल्य देते. पूर्वी ती वाटण्यासाठी तयार करणाऱ्यास निराळा संच विकत घ्यावा लागे. २००७ च्या आवृत्तीपासून ती सर्वांस मोफत झाली. रनटाइमवर तयार डेटाबेस चालतो, नोंदी भरता येतात, अहवाल छापता येतात. मात्र फॉर्म अगर टेबल यांची रचना बदलता येत नाही. ही उणीव नसून एक प्रकारे सोयच आहे. ही प्रणाली केवळ विंडोजवर चालते, हे मात्र आधीच सांगून ठेवावे.

रनटाइम उतरवून घेण्यापूर्वी समोरच्या संगणकावरील ऑफिस ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे, हे पाहावे. रनटाइम त्याच जातीचा लागतो. डेटाबेस कुलूपबंद करून, म्हणजे एसीसीडीई स्वरूपात, द्यावयाचा असल्यास तोही त्याच जातीच्या ॲक्सेसवर तयार केलेला असला पाहिजे. ३२ बिटवर केलेली एसीसीडीई फाइल ६४ बिटवर चालत नाही. एसीसीडीईमधून मूळ कोड परत मिळत नसल्याने मूळ एसीसीडीबी फाइल स्वतःजवळ जपून ठेवावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फाइलचे दोन भाग करणे. एका फाइलमध्ये केवळ टेबले, म्हणजे सभासदांच्या नोंदी, ठेवाव्यात. दुसरीत फॉर्म, अहवाल व कोड ठेवावा. प्रस्तुत लेखकाने हे एकदा केले नाही. दराच्या कोष्टकातील चूक दुरुस्त करून त्याने नवी फाइल एका संस्थेस पाठविली. तेथील लेखनिकाने ती जुन्या फाइलवर चिकटविली आणि मागील साऱ्या नोंदी नाहीशा झाल्या. संकलनाच्या पावत्या जपलेल्या होत्या म्हणूनच त्या पुन्हा भरता आल्या. दोन भाग केले असता दुरुस्ती केवळ दुसऱ्या फाइलची होते व नोंदींना धक्का लागत नाही. हे दोन भाग एकमेकांशी संपूर्ण मार्गाने जोडलेले असतात, सबब प्रत्येक संगणकावर फोल्डरचे नाव व जागा एकच ठेवावी. रनटाइममध्ये जोडणी हाताने बदलण्याचा मेनू मिळत नाही.

मेनू नाहीत ही बाब आणखीही एके ठिकाणी अडते. डाव्या बाजूची यादी दिसत नसल्यामुळे आरंभीचा फॉर्म ठरवून दिला नाही तर सचिवासमोर रिकामा पडदा उभा राहतो. बाहेर पडण्याचे बटणही आपणच ठेवावे. कोडमध्ये चुकीची दखल घेतलेली नसेल तर ॲक्सेसमध्ये नुसती सूचना येते, परंतु रनटाइममध्ये सर्व प्रणालीच बंद पडते. म्हणून प्रत्येक बटणामागे चूक हाताळणारा कोड लिहावा. हे घरीच पारखण्याचा सोपा उपाय असा: फाइलची एक प्रत काढून तिच्या नावाचे शेपूट एसीसीडीआर असे करावे. म्हणजे आपल्याच ॲक्सेसमध्ये ती रनटाइमप्रमाणे उघडते.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधील कोड २०२२ पासून ऑफिस आपण होऊन अडवू लागले आहे. अशी फाइल मिळाल्यास तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' ही खूण करावी. फोल्डर विश्वसनीय ठरविण्याचा मेनूही रनटाइममध्ये नसल्याने ती नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत करावी लागते. हे काम जाणकाराकडूनच करून घेणे इष्ट.

मराठीविषयीही दोन शब्द. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये भरलेली सभासदांची नावे, तो फाँट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाहीत. नावे आरंभापासूनच युनिकोडमध्ये भरावीत. तसेच व्हीबीएच्या कोडमध्ये देवनागरीत लिहिलेल्या सूचना प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन पडद्यावर येतात. 'फॅट भरलेले नाही' यांसारख्या सूचना टेबलात लिहून ठेवाव्यात व आपण तयार केलेल्या छोट्या फॉर्मवर दाखवाव्यात. पहाटे संकलनावर बसणाऱ्या मुलास इंग्रजी सूचना कळेलच, असे धरून चालू नये.