जुन्या मोटारीचे मागचे शॉक ॲब्सॉर्बर

इंग्लंडांतील ॲबिंगडन गांवीं इ. स. १९६२ ते १९८० या काळांत ‘एमजीबी’ नांवाची लहान, चपळ मोटार तयार होत असे. हौशी मंडळी ती आजहि जपतात, आणि तिचे मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलावे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढें वारंवार येतो. या प्रश्नामागील तत्त्व कोणत्याहि मोटारीस लागू आहे, म्हणून तें आज पाहूं.

शॉक ॲब्सॉर्बर हें नांवच थोडें फसवें आहे. खड्ड्याचा धक्का खरोखर झेलतात ते कमानीचे पाटे. परंतु वांकलेला पाटा लगेच स्थिर होत नाहीं. झोपाळ्याप्रमाणें हेलकावे घेत राहतो. ते हेलकावे शमविणें हें शॉक ॲब्सॉर्बरचें काम. त्याच्या आंतील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि हेलकाव्यांची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते. हें काम बिघडलें कीं चाक रस्त्यावरून उडूं लागतें. आणि अधांतरीं असलेल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग काय? तेव्हां हा प्रश्न केवळ सुखाचा नव्हे, जीविताचा आहे.

एमजीबीचे मूळचे शॉक ॲब्सॉर्बर तरफेच्या जातीचे. त्यांचें धड गाडीच्या सांगाड्याला जखडलेलें असतें आणि तरफ एका दुव्यानें मागच्या आंसाशीं जोडलेली असते. आंस बराच हलला तरी दट्ट्या थोडाच सरकतो. थोड्या तेलाकडून मोठें काम घ्यावयाचें, म्हणून दाब वाढतो, तेल तापून पातळ होतें, आणि जुनेपणीं गळूंहि लागतें. नळीच्या जातीच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्यें दट्ट्याचा प्रवास लांब, तेल अधिक व दाब कमी. त्याची वरची पट्टी जुन्याच बोल्टांच्या छिद्रांवर बसवितात. खालचें टोंक पाटे आंसाशीं आवळलेले असतात तेथें जोडतात.

परंतु बदलण्यापूर्वीं परीक्षा करावी. गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडावा. एकदां उसळून ती स्थिरावली तर ठीक. झुलतच राहिली तर प्रथम तेलाची पातळी पाहावी. पाटे व रबरी बूश झिजले असतील तर नवे शॉक ॲब्सॉर्बर कांहीं करूं शकणार नाहींत. बदलावयाचे झाल्यास दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे. त्यांची लांबी अशी असावी कीं, आंस वर गेला असतां रबरी ठोकळ्यानें आणि खालीं आला असतां पट्ट्यानें अडावा; शॉक ॲब्सॉर्बरच्या टोंकावर आघात येऊं नये.

जितका कडक तितका उत्तम, हा समज मात्र सोडून द्यावा. फार कडक शॉक ॲब्सॉर्बर पाट्यांना वांकूंच देत नाहीं, आणि मग चाक पुन्हां रस्ता सोडतें. चाक जमिनीला चिकटून राहिलें, म्हणजे काम साधलें.